मार्कोनी, एक जादूगार आणि आमचा सेमिनार हॉल

यंदाच्या अंकासाठी थोर शास्त्रज्ञांची चरित्रं हवीत अशी नोटीस मेसच्या दारावर लागली आणि संध्याकाळपर्यंत कलाम, रामन, विश्वेश्वरय्या सगळे बुक झाले. मी मार्कोनी मागून घेतला. रूममेट म्हणाला, अरे तो दहावीच्या सामान्य ज्ञानातला, रेडिओचा शोध कोणी लावला, एक मार्क! पण मला तोच हवा होता. एक तर मी मूळचा दौंडचा आणि मार्कोनीचं दौंडशी नातं आहे, ते पुढे येईलच. दुसरं कारण सांगायला जरा अवघड आहे, पण तिथूनच सुरुवात करतो.

मागच्या वर्षी पावसाळ्यात आमच्या सेमिनार हॉलमध्ये डिपार्टमेंटच्या एका सरांचं व्याख्यान होतं. बाहेरून पाहुणे आले होते. मुळशीचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. लाईट जाते, मोबाईलची रेंज डोंगराआड गडप होते, आणि अशा दिवशी हॉल गच्च भरतो कारण दुसरीकडे जायला जागाच नसते. हॉलच्या कॉम्प्युटरला वायरलेस कीबोर्ड होता. त्याचा नखाएवढा डोंगल सीपीयूच्या मागे कायम खोचलेला. तयारीसाठी कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. सर स्वतःच्या हातातल्या रिमोटने स्लाईड्स बदलणार होते, त्यामुळे कीबोर्ड कोणालाच नको होता. तो मी सॅकमध्ये टाकला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पॉवरपॉइंटचा स्लाईड शो चालू असताना 'बी' दाबलं की पडदा काळा होतो, 'डब्ल्यू' दाबलं की पांढरा, आणि आकडा टाकून एंटर मारलं की थेट त्या क्रमांकाची स्लाईड. सॅकमध्ये हात घालून मी हे सगळं पंधरा-वीस मिनिटं केलं. सर पंचविसाव्या स्लाईडवर आले की मी त्यांना तिसरीवर नेऊन ठेवायचो. पोरं हसून हसून लोळली. सरांना वाटलं प्रोजेक्टर बिघडला. त्यांनी पाहुण्यांची माफी मागितली आणि व्याख्यान अर्ध्यावर आवरतं घेतलं. रात्री हॉस्टेलवर माझा सत्कार झाला, वडापाव आला. दुसऱ्या दिवशी कळलं की मशीन नीट तपासलं नाही म्हणून हॉलच्या शिपाई मामांना बोलणी बसली. मी गप्प राहिलो.

त्यानंतर सेमिनारच्या विषयासाठी वायरलेस सुरक्षेवर वाचत असताना मला १९०३ सालची एक हकीकत सापडली, आणि कुणीतरी माझीच गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे असं वाटलं. म्हणून मार्कोनी.

गुल्येल्मो मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्या शहरातला. वडील ज्युझेप्पे सधन जमीनदार, आई अ‍ॅनी जेम्सन आयर्लंडची, प्रसिद्ध व्हिस्कीवाल्या जेम्सन घराण्यातली. घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती, पण मुलगा शाळेत काही चमकला नाही. शिक्षण बरेचसे खासगी शिकवण्यांवर झाले आणि विद्यापीठात रीतसर प्रवेश त्याला मिळालाच नाही. आपल्या भाषेत, कट ऑफमध्ये बसला नाही! मात्र ऑगुस्तो रिगी नावाचे नामवंत प्राध्यापक शेजारीच राहात. त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत आणि ग्रंथालयात त्याला येऊ दिले. मोर्सची लिपी त्याला शिकवली ती एका अंध झालेल्या वृद्ध तारमास्तरांनी.

१८९४ च्या सुरुवातीला हाइनरिक हर्ट्झ वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी वारला. विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने दाखवणारा हाच तो शास्त्रज्ञ. त्याच्यावरचा मृत्युलेख मार्कोनीने सुट्टीत डोंगरात असताना वाचला आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळू लागली, की या लहरींनी निरोप धाडता येईल. थोरामोठ्यांच्या मनात हा विचार आला नव्हता असे नाही. पण बहुतेकांना लहरींचे गुणधर्म तपासण्यात रस होता, आणि या वीस वर्षांच्या पोराला तार पाठवायची होती. हिवाळ्यात एका रात्री त्याने आईला उठवून माळ्यावरच्या खोलीत नेले, एका टोकाला बटण दाबले आणि मधे एकही तार नसताना दुसऱ्या टोकाची घंटा वाजवून दाखवली.

१८९५ च्या उन्हाळ्यात प्रयोग घराबाहेर आला. एक टोक उंच हवेत आणि दुसरे टोक जमिनीत पुरल्यावर पल्ला एकदम वाढतो हे त्याच्या ध्यानात आले. (अँटेना आणि अर्थिंग. थिअरी पेपरात दोन मार्काला येतं.) मग घरामागच्या टेकडीपलीकडे भावाला रिसीव्हर घेऊन पाठवले. दिसायचे तर काही नाही, म्हणून संदेश पोचला की भावाने बंदुकीचा बार काढायचा असे ठरले होते. बार ऐकू आला. आमच्या हॉस्टेलच्या गच्चीत मोबाईल उंच धरून एक काडी रेंज शोधणाऱ्या प्रत्येकाला त्या बाराचा आनंद कळेल.

याच सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवत होते, दारू उडवून दाखवत होते. बोसांना पेटंट आणि धंदा यांत गोडी नव्हती. मार्कोनीला होती. यात कोण मोठा हा वाद आपल्याकडे नेहमी रंगतो, आणि खरं सांगायचं तर मलाही मार्कोनीबद्दल वाचताना बोसांसाठी राग यायचा. १९०१ साली मार्कोनीने जो पाऱ्याचा ग्राहक वापरला त्याचे मूळ बोसांच्या १८९९ च्या शोधनिबंधात आहे, हे प्रोबीर बंद्योपाध्याय यांनी १९९८ मध्ये आयईईईच्या नियतकालिकात सविस्तर मांडले आहे. ते आता बऱ्याच जणांना मान्य आहे. पण धंदा उभारणं हेही एक काम असतं, आणि ते मार्कोनीने केलं.

१८९६ च्या फेब्रुवारीत आई त्याला घेऊन लंडनला आली. बंदरावर कस्टमवाल्यांनी त्याची पेटी उघडून यंत्राची पार मोडतोड केली असे सांगतात. बॉम्ब वाटला असेल बिचाऱ्यांना! मावसभाऊ हेन्री जेम्सन डेव्हिस पाठीशी होता, आणि ब्रिटिश पोस्ट खात्याचे मुख्य इंजिनिअर विल्यम प्रीस यांची मदत मिळाली. २ जून १८९६ ला पेटंटचा अर्ज, मे १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीवरून संदेश, जुलै १८९७ मध्ये कंपनी, मार्च १८९९ मध्ये इंग्लिश खाडी पार. वय वर्षे चोवीस. आपण चोविसाव्या वर्षी कॅम्पसची वाट बघत असतो.

एप्रिल १९०० मध्ये त्याने ट्यूनिंगचे पेटंट घेतले, क्रमांक ७७७७. ह्याची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच होतो. सुरुवातीची ठिणगीची यंत्रे सगळ्या बाजूंना, सगळ्या लहरलांबींवर एकदम ओरडायची. दोन जण एकाच वेळी बोलू लागले की कोणाचेच कळत नसे. मार्कोनीने कॉइल आणि कपॅसिटर असे जुळवले की प्रेषक आणि ग्राहक एकाच वारंवारितेवर सुरात येतील. पद्धत उत्तम होती. पण तिचा प्रचार करताना कंपनीने आणखी एक दावा पुढे रेटला, की सुरात लावलेले संदेश दुसऱ्या कोणाला चोरून ऐकताच येणार नाहीत. गिऱ्हाईक आरमार आणि जहाज कंपन्या होत्या, त्यांना नेमके हेच ऐकायचे होते. पण ट्यूनिंग ही फक्त निवड. रेडिओची कळ फिरवून जसं तुम्ही विविध भारती लावता, तशीच शेजाऱ्यालाही लावता येते.

मधल्या काळात १२ डिसेंबर १९०१ चा तो प्रसिद्ध दिवस आला. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला पोल्डू इथे मोठे केंद्र, आणि अटलांटिकपलीकडे सुमारे ३,५०० किलोमीटरवर न्यूफाउंडलंडच्या टेकडीवर मार्कोनी, कानाला फोन लावून. वाऱ्याने अँटेना तोलून धरणारा फुगा नेला, तेव्हा पतंगाला तार बांधली. दुपारी तीन टिंबे ऐकू आली, मोर्समधला 'एस'. ऐकणारे दोघेच, तो आणि त्याचा मदतनीस केम्प. कागदावर नोंद करणारे यंत्र नव्हते, त्यामुळे खरेच ऐकले की वाटले, यावर अजूनही वाद घालणारे लोक आहेत. शेअर बाजाराने मात्र विश्वास ठेवला आणि समुद्रातून केबल टाकून बसलेल्या कंपन्यांचे धाबे दणाणले.

यातली एक ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी. १८७० साली ज्या समुद्री तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली, ती तार इंग्लंडात पोर्थकर्नो नावाच्या किनाऱ्यावर वर येत असे, आणि पोर्थकर्नो पोल्डूपासून फार लांब नाही. मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांच्या तारा याच वाटेने जायच्या. आपला धंदा बुडवायला निघालेल्या या इटालियन पोराकडे नक्की काय आहे हे कंपनीला जाणून घ्यायचे होते. त्यासाठी तिने माणूस नेमला तो चक्क एक जादूगार!

नेव्हिल मॅस्कलीन. याच्या घराण्याचे लंडनमध्ये जादूच्या प्रयोगांचे थिएटर होते. स्वतः हौशी वायरलेसवाला, आणि रंगमंचावरच्या जादूत गुपचूप बिनतारी खुणा वापरण्यात तरबेज. मार्कोनीच्या पेटंटांमुळे त्याचा स्वतःचा वायरलेसचा धंदा अडला होता, म्हणजे राग आधीपासूनचा. त्याने पोर्थकर्नोजवळ सुमारे पन्नास मीटरचा खांब उभा केला आणि मार्कोनीच्या जहाजांचे संदेश आरामात उतरवून घेतले. एवढा उंच खांब लागतच नाही, छोट्या अँटेनावरही ऐकू येते, हे त्याने नोव्हेंबर १९०२ मध्ये 'द इलेक्ट्रिशियन' या नियतकालिकात लिहून टाकले. म्हणजे दाव्यातले भोक जाहीर झाले होते. मार्कोनी कंपनीने काय केले? काही नाही. दावा तसाच चालू ठेवला.

४ जून १९०३. लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन. मार्कोनी पोल्डूला, आणि लंडनच्या व्यासपीठावर त्याचे सल्लागार प्राध्यापक जॉन अँब्रोज फ्लेमिंग. होय, उजव्या-डाव्या हाताच्या नियमांचे तेच फ्लेमिंग, ज्यांच्यामुळे बारावीत आपण परीक्षा हॉलमध्ये बोटं वाकडी करत बसलो होतो. व्याख्यानाच्या शेवटी पोल्डूहून मार्कोनीचा संदेश सगळ्यांसमोर यायचा होता. त्याच्या थोडे आधी आर्थर ब्लॉक या मदतनिसाला कंदिलाच्या आर्कमधून तालात टकटक ऐकू आली. त्याला मोर्स येत होते. कुणीतरी उंदरांचा इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा पाठवत होते, ज्याचा अर्थ तेव्हाच्या बोलीत साधारण 'थापा' असा होता. मग एका इटालियन तरुणाने जनतेला कसे गंडवले याची टवाळ कविता सुरू झाली. ग्राहकयंत्राची पट्टी हे सगळे इमानेइतबारे छापत होती. फ्लेमिंग यांना कमी ऐकू यायचे, त्यामुळे ते बोलतच राहिले. श्रोत्यांनाही उमगले नाही. खऱ्या संदेशाची वेळ झाली तशी टकटक थांबली आणि कार्यक्रम निभावला.

मॅस्कलीनने जवळच एक साधा, कुठल्याही सुरात न लावलेला ठिणगी प्रेषक मांडला होता. सुरात लावलेला ग्राहक शेजारच्या बेसूर गोंगाटाने सहज भारला गेला. महागडी व्यवस्था, आणि तिला चकवायला लागले ते जुनाट यंत्र.

फ्लेमिंग भडकले. त्यांनी 'द टाइम्स'ला पत्र लिहून या हुल्लडबाजीचा निषेध केला आणि गुन्हेगार शोधायला वाचकांनी मदत करावी असे आवाहन केले. शोधायची गरज पडली नाही. काही दिवसांतच त्याच वर्तमानपत्रात मॅस्कलीनचे पत्र आले, खाली सही करून. हे मीच केले, लोकांना खरे कळावे म्हणून केले, असा त्याचा मतितार्थ.

ही हकीकत वाचताना सरांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. फ्लेमिंग त्या पत्रात इतके का चिडले असतील ते कळलं. आणि मॅस्कलीनने काही दिवसांतच सही केली होती, मला अकरा महिने झाले होते. शिवाय त्याला काहीतरी सिद्ध करायचं होतं. मला वडापाव मिळाला.

मार्कोनीचे पुढचे आयुष्य धावते आहे. १९०५ मध्ये बिअ‍ॅट्रिस ओब्रायनशी लग्न, १९०९ मध्ये कार्ल फर्डिनंड ब्राउन यांच्याबरोबर भौतिकशास्त्राचे नोबेल. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्यावर मदतीची हाक मारणारे दोन्ही तरुण, फिलिप्स आणि ब्राइड, मार्कोनी कंपनीचे नोकर होते. सातशेच्या वर माणसे वाचली ती त्या हाकेमुळे. फिलिप्स त्यात गेला. मार्कोनीला स्वतःला टायटॅनिकवर फुकट तिकीट देऊ केले होते, पण तो त्याआधीच दुसऱ्या बोटीने निघाला. त्याच वर्षी मोटार अपघातात त्याचा उजवा डोळा गेला.

आणि त्याच वर्षी इंग्लंडात 'मार्कोनी प्रकरण' गाजले. साम्राज्यभर वायरलेस केंद्रे उभारण्याचे कंत्राट मार्कोनीच्या कंपनीला मिळणार, आणि सरकारातल्याच काही मंत्र्यांनी तिच्या अमेरिकन भावंड कंपनीचे शेअर घेतलेले. त्यांतले एक अ‍ॅटर्नी जनरल रुफस आयझॅक्स, ज्यांचा भाऊ मार्कोनी कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक होता. चौकशी झाली, सुटले. हेच गृहस्थ पुढे लॉर्ड रीडिंग झाले आणि एप्रिल १९२१ मध्ये भारताचे व्हाइसरॉय म्हणून आले. त्याच महिन्यात आपल्या इथे, मुळशी खोऱ्यात, टाटांच्या धरणाखाली जमिनी जाणारे मावळे शेतकरी सत्याग्रहाला बसले. सेनापती बापट त्यांचे नेते. मुळशीच्या पाण्यावरची वीज तारांनी मुंबईला जाणार होती. ती गेली, जमिनीही गेल्या. हे मार्कोनीच्या चरित्रात नाही, मला माहीत आहे. पण आपण ज्या तालुक्यात राहतो त्याचा उल्लेख आल्यावर पुढे सरकवत नाही.

पहिल्या महायुद्धाने वायरलेसची खरी किंमत दाखवली. ऑगस्ट १९१४ च्या पहिल्याच आठवड्यात इंग्रजांनी जर्मनीच्या समुद्री तारा कापल्या. मग जर्मनांना आकाशवाटेने बोलणे भाग पडले आणि इंग्रज ते ऐकत बसले. रशियनांनी तर त्याच महिन्यात टॅननबर्गच्या लढाईत बरेच हुकूम सांकेतिक लिपीशिवायच पाठवले. जर्मनांनी ते वाचले आणि अख्खी फौज गारद केली. मॅस्कलीनची टवाळी अकरा वर्षांनी इतकी महाग पडली.

आता दौंड. १९१९ मध्ये मार्कोनीने 'एलेत्रा' नावाची बोट घेतली आणि तिलाच घर नि प्रयोगशाळा केले. त्याच्या कंपनीतले इंजिनिअर चार्ल्स फ्रँकलिन आखूड लहरींवर काम करत होते. आखूड लहरी परावर्तकाने एका दिशेला झोत करून पाठवल्या तर वीस किलोवॅटच्या आसपास शक्तीत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोचतात. तोवर यासाठी शेकडो किलोवॅटची अजस्र केंद्रे लागत. या बीम पद्धतीने इंग्लंड आधी कॅनडाशी, मग ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेशी, आणि १९२७ मध्ये भारताशी जोडले गेले. भारतातले प्रेषण केंद्र पुण्याला खडकीत, आणि ग्रहण केंद्र दौंडला! एका गावात दोन्ही का नाही? कारण शेजारी कोणी ओरडत असताना कुजबुज ऐकू येत नाही. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मॅस्कलीनने याच गोष्टीचा फायदा घेतला होता. मी लहानपणापासून दौंड म्हणजे जंक्शन आणि इंजिन बदलायला थांबणाऱ्या गाड्या एवढंच ऐकत आलो. लंडनचा निरोप आधी आमच्या गावात उतरायचा हे मला बीईला येईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

बीम इतका स्वस्त पडला की केबल कंपन्यांचे गिऱ्हाईक पळू लागले. शेवटी १९२९ मध्ये दोघांचे विलीनीकरण झाले. मार्कोनीवर जादूगार सोडणारी ईस्टर्न आणि मार्कोनी एकाच छत्राखाली आले. इथला हा सगळा कारभार १९४७ मध्ये सरकारने ताब्यात घेतला आणि पुढे १९८६ मध्ये त्याचीच व्हीएसएनएल झाली. झोत अरुंद असला तरी त्याच्या वाटेत जो बसेल त्याला तो ऐकू येतोच. आणि बोलणारा कुठे आहे तेही शोधता येते. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवला तेव्हा पोलिसांच्या यंत्रांना सापडू नये म्हणून त्यांना सतत जागा बदलाव्या लागल्या. शेवटी १२ नोव्हेंबरला पकडल्या गेल्या, आणि तेही त्यांच्याच एका तंत्रज्ञाने माहिती दिल्यावर. उषाताईंनी शिक्षा भोगली ती आपल्या पुण्यात, येरवड्याला.

मार्कोनीच्या शेवटच्या वर्षांबद्दल आदराने लिहिणं मला जमत नाही. १९२३ मध्ये तो मुसोलिनीच्या पक्षात गेला, मानाची पदे घेतली, १९२९ मध्ये मार्क्विस झाला. आधीचा विवाह मोडून त्याने १९२७ मध्ये मारिया क्रिस्तिना हिच्याशी लग्न केले होते. हृदयविकार जडला होता. २० जुलै १९३७ ला रोममध्ये तो गेला, वय ६३. दुसऱ्या दिवशी अनेक देशांतल्या वायरलेस केंद्रांनी दोन मिनिटे प्रेषण थांबवले. सहा वर्षांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या ट्यूनिंगच्या अमेरिकन पेटंटमधले महत्त्वाचे दावे रद्द ठरवले, कारण लॉज, टेस्ला आणि स्टोन यांचे काम आधीचे होते.

आता पुन्हा माझ्या सॅकमधल्या कीबोर्डकडे येतो. तुमच्या टेबलावरचा डोंगलवाला माउस २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. डोंगलने आपला माउस कोणता हे ओळखायचं ते पाकिटावरच्या पत्त्यावरून, आणि तो पत्ता हवेत उघडाच असतो. २००७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २७ मेगाहर्ट्झवरचे काही कीबोर्ड तपासले, तर त्यांच्या कुलपाची किल्ली एका बाइटची निघाली. म्हणजे २५६ शक्यता, चहा होईपर्यंत उघडणार. जानेवारी २०१५ मध्ये सॅमी कामकार याने भिंतीत खोचायच्या चार्जरसारखं दिसणारं यंत्र बनवून दाखवलं, जे खोलीतल्या काही वायरलेस कीबोर्डांची प्रत्येक कळ टिपून ठेवतं.

फेब्रुवारी २०१६ चा 'माउसजॅक' तर मला मॅस्कलीनचाच नातू वाटतो. कंपन्यांनी कीबोर्डला कूटबद्ध केलं, पण माउसला तसंच सोडलं. बाण कुठे हलला हे चोरून कोणाला काय मिळणार, असा हिशोब. पण मार्क न्यूलिन यांच्या लक्षात आलं की कित्येक डोंगल माउसच्या उघड्या वाटेने आलेली कीबोर्डची अक्षरंही मुकाट्याने स्वीकारतात. स्वस्तातला रेडिओ डोंगल घेऊन शंभर मीटरवरून तुमच्या कॉम्प्युटरवर टाइप करता येतं. मला तरी मूळ कीबोर्ड चोरावा लागला होता. काही डोंगलचं फर्मवेअर बदलता आलं, काहींचं बदलायची सोयच नव्हती, आणि जुने डोंगल कोणी फेकून देत नाही. ब्लूटूथवाल्यांनी हसू नये. डिसेंबर २०२३ मध्ये याच न्यूलिन यांनी दाखवलं की अँड्रॉइड, लिनक्स, आयफोन आणि मॅक यांना, अपडेट केलेले नसतील तर, ठराविक परिस्थितीत कुणीही न विचारता कीबोर्ड म्हणून जोडून घेऊ शकतो.

सेमिनार हॉलमध्ये पडदा काळा झाला, इतकंच. पण त्याच जातीचा कीबोर्ड जिथे फी घेतात किंवा मार्क भरतात तिथे असेल तर? मी कॉलेजमध्ये फिरून डोंगल मोजले. आकडा इथे देत नाही, तो ज्यांना द्यायचा त्यांना लेखी दिलाय. ज्या टेबलावर पासवर्ड टाइप होतात तिथे वायरवाला कीबोर्ड लावा, अडीचशे-तीनशे रुपयांत येतो. उठताना स्क्रीन लॉक करा, आणि प्रेझेंटेशन संपल्यावर डोंगल काढून खिशात टाका. हॉस्टेलवाल्यांनी सीनिअरकडून जुना माउस घेताना डोंगलचं अपडेट निघालंय का ते बघावं.

हा लेख छापायला देण्याआधी सरांना वाचायला दिला. त्यांनी तो तिथेच उभ्या उभ्या वाचला, लाल पेनने शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या, आणि फ्लेमिंग यांनी पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, व्हॉल्व्हचा शोध लावला हे लिहायचं राहिलंय असं सांगितलं. म्हणून ते इथे लिहितो. मग कीबोर्ड कुठे आहे ते विचारलं. मी सॅकमधून काढून दिला.

मामांना सांगणं जास्त जड गेलं. कँटीनमागे चहा पिताना सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि निघून गेले. दोन दिवस हॉलची किल्ली मागायला गेलो तर माझ्याकडे न बघता ती टेबलावर सरकवायचे. तिसऱ्या दिवशी विचारलं, त्या सायबाचं काय झालं मग, त्या जादूवाल्याचं? मी सांगायला लागलो, तर स्टूल ओढून बसले.